परत गेलेली पैठणी

‘एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.’ आपल्याकडच्या दुकानांच्या बिलांवर तळाशी हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. त्याच्या शेजारी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ आणि खाली मालकाची लफ्फेदार सही. पुण्याचा लक्ष्मी रस्ता असो, दादर असो की कोल्हापूरचा महाद्वार रोड, गिऱ्हाइकाला त्या वाक्यात फारसे वावगे कधी वाटले नाही. कारण त्यामागे एक न लिहिलेला करार होता. कापड फाडण्यापूर्वी दुकानदार स्वतःच म्हणायचा, ‘हवं तर बाहेर उजेडात नेऊन बघा.’ आपल्या आया-आज्या पदर चिमटीत धरून चुरगाळत, किनार उलटी करून बघत, शेजारच्या दुकानातला भाव ऐकवत आणि मग पिशवीचे तोंड सैल करत. एवढे सगळे झाल्यावर कोणी ‘आता परत घेणार नाही’ म्हटले, तर ते उद्धट असेल, पण अन्यायाचे नव्हते.

आता खरेदी फोनच्या काचेवर होते. तिथे पोत नाही, वजन नाही, वास नाही. चार-पाच छायाचित्रे असतात आणि वर्णनाच्या सहा ओळी. पूर्वी जे काम गिऱ्हाइकाची बोटे करत, ते आता या सहा ओळींवर सोपवलेले आहे. त्या खोट्या असतील तर गिऱ्हाइकाने पारखण्यात चूक केली असे म्हणताच येत नाही, कारण पारखण्याची संधीच त्याला मिळालेली नसते. तरीही ते जुने वाक्य मेलेले नाही, त्याने वेश बदलला एवढेच. ‘ही वस्तू परत घेतली जात नाही’, ‘फक्त बदलून मिळेल’, ‘रक्कम आमच्या वॉलेटमध्ये जमा होईल’, ‘खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ असेल तरच तक्रार ऐकली जाईल’ ही त्याची नवी रूपे. उजेडात नेऊन बघण्याची सोय तेवढी गेली आणि वाक्य राहिले.

न बघता पैसे मोजणे हे मात्र आपल्याला नवे नाही. माझ्या वयाच्या वाचकांना व्ही.पी.पी. आठवत असेल. मासिकाच्या शेवटच्या पानावर मनगटी घड्याळाची नाहीतर ट्रान्झिस्टरची जाहिरात यायची. पोस्टकार्ड टाकले की पंधरा दिवसांनी पोस्टमन पुडके घेऊन दारात हजर. पैसे आधी, पुडके मग. खोक्यात विटेचा तुकडा निघाल्याच्या कथा गावोगावी होत्या आणि त्यातल्या काही खऱ्याही होत्या. गंमत अशी, की १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात या फसवणुकीचा विचार केलेला होता. व्ही.पी.पी.ने पाठवलेल्या मालात लबाडी आढळली, तर वसूल केलेले पैसे टपाल खात्याने अडवून धरावेत आणि ज्याने पुडके सोडवले त्याला परत करावेत, असे नियम करण्याची सोय त्या कायद्यात होती. तो कायदा आता राहिला नाही, २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने त्याची जागा घेतली. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनी डोक्याला एक गोष्ट नेमकी कळली होती. माल आणि पैसा यांच्या मधे जो उभा आहे, त्याच्याच हातात परताव्याची किल्ली असते.

मी स्वतः बरीच वर्षे त्या मधल्या जागी उभा होतो. बँकेत असताना बाजारपेठेच्या गावांत माझी नेमणूक असायची. परगावचा व्यापारी माल ट्रकने पाठवायचा आणि बिल व बिल्टी बँकेमार्फत. इकडच्या व्यापाऱ्याने बँकेत पैसे भरायचे, बिल्टी घ्यायची आणि मग ट्रान्सपोर्टच्या गोदामात जाऊन पोती सोडवायची. पोत्यात ठरल्याप्रमाणे हळद नाही, वरच्या थराखाली भलतीच भरली आहे, असे कळायचे ते पैसे भरून झाल्यावर. मग तो तणतणत शाखेत यायचा. त्याला आमचे उत्तर ठरलेले असे : बँक कागदांचा व्यवहार करते, मालाचा नाही. हे तत्त्व आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पतपत्रांनाही लागू आहे आणि ते चुकीचे नाही, कारण पोती उघडून बघणे हे बँकेचे कामच नव्हे. पण बँकेने कधी हळदीची जाहिरात केली नव्हती. ‘आमच्याकडून घ्या, निर्धास्त राहा’ असे फलक लावले नव्हते. आजच्या मोठ्या बाजार-कंपन्या जाहिरातीत दुकानदार असतात आणि तक्रारीच्या वेळी बँक होतात. ‘आम्ही फक्त विक्रेता आणि ग्राहक यांना जोडून देतो’ हे त्यांचे वाक्य ऐकले की मला माझीच जुनी खुर्ची आठवते. फरक इतकाच, की त्या खुर्चीवर बसून आम्ही सवलतीचे सेल लावत नव्हतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला, तो २०२० च्या जुलैत अमलात आला. त्यात ऑनलाइन खरेदी करणारा हाही ग्राहकच, असे स्पष्ट लिहिले आहे. संकेतस्थळावरचा मजकूर जाहिरातीच्या व्याख्येत येतो. सदोष माल परत घ्यायला आणि बिलात दिलेल्या मुदतीत, ती दिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे बिलाच्या तळाचे ते वाक्य सदोष मालाच्या बाबतीत आता निव्वळ शाई आहे. त्याच जुलैत ई-व्यापाराचे स्वतंत्र नियम निघाले. त्यांतला विक्रेत्यांसाठीचा नियम प्रत्येक घरात माहीत असायला हवा. माल सदोष, कमअस्सल किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील, किंवा तो सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला माल परत घेणे वा पैसे परत देणे नाकारता येत नाही. उशिराला नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणांचा अपवाद आहे, खोट्या वर्णनाला तसा नाही. बाजार-कंपनीने विक्रेत्याचे नाव-पत्ता द्यायचा, तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा, हेही त्यात आहे.

इथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. ‘मला आवडले नाही’ आणि ‘सांगितले तसे नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत परतावा ही कंपनीची मर्जी, तिचे धोरण, तिचा सौजन्याचा भाग. दुसरीत तो तुमचा हक्क. सारा खेळ या दुसऱ्या गोष्टीला पहिलीत ढकलण्याचा चालतो.

माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगतो. ती कऱ्हाडला असते, शाळेत शिकवून निवृत्त झाली. मुलाच्या लग्नात विहिणीला द्यायला तिने ऑनलाइन पैठणी मागवली. येवल्याची, हातमागावरची, शुद्ध रेशीम असे वर्णन, किंमत अकरा हजार आठशे. साडी आली, रंग फोटोतल्यासारखाच होता. बहिणीने सवयीने पदर उलटा केला. खऱ्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, कारण तो बाण्याचे रंगीत धागे एकमेकांत गुंतवत हाताने विणलेला असतो, मागे धागे लोंबत नाहीत. या मोराच्या पाठीवर सुट्या धाग्यांचे जाळे होते. तिने गोंड्यातला एक धागा तोडून काडीला धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. हा धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला.

तिने ॲपवर तक्रार नोंदवली. तिथे कारणांची यादी येते, त्यातून एक निवडायचे. भांडखोर वाटू नये म्हणून तिने ‘आवडली नाही’ हे कारण निवडले. झाले! उत्तर आले की या वर्गातली वस्तू नापसंतीच्या कारणाने परत घेतली जात नाही. तिने गप्पांच्या खिडकीत पुन्हा लिहिले, तेव्हा ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य तीन निरनिराळ्या नावांनी तीनदा आले. ती नावे माणसांची होती की यंत्राची, देव जाणे. दोन दिवसांनी पाहते तो विक्रीच्या पानावरचे वर्णनच बदललेले. आता तिथे ‘पैठणी पद्धतीची आर्ट सिल्क साडी’ असे लिहिले होते.

‘दादा, जाऊ दे आता,’ ती मला फोनवर म्हणाली. ‘पैशाचं नाही एवढं. पण ही साडी मी विहीणबाईंच्या ओटीत घातली असती आणि त्यांनी पदर उलटा केला असता तर?’

पण पैशाचेही होतेच. मी म्हटले, ‘अगं, बिल तरी पाठव.’ बिल फोनवर आले. कर्जाचे कागद तपासण्यात उमर गेल्यामुळे माझी नजर नावाऐवजी आकड्यांकडे जाते. जीएसटीच्या बिलात वस्तूसमोर एचएसएन कोड असतो. तो आकडा वस्तू कशाची बनली आहे त्याप्रमाणे ठरतो. रेशमी कापडाचा कोड ५००७ ने सुरू होतो. बहिणीच्या बिलावर होता ५४०७, म्हणजे कृत्रिम धाग्याचे कापड. विक्रेत्याने सरकारला खरे सांगितले होते आणि गिऱ्हाइकाला खोटे! शिवाय मागवण्यापूर्वी बहिणीने त्या पानाचा फोटो घरच्या व्हॉट्‌सॲप ग्रुपवर टाकून ‘हा रंग विहीणबाईंना कसा दिसेल?’ असे विचारले होते. त्या फोटोत ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ हे शब्द स्पष्ट होते आणि वर तारीख-वेळ. सुनांच्या आणि नणंदांच्या त्या चर्चेचा असा पुरावा होईल असे कोणाला वाटले असणार?

मग आम्ही गप्पांची खिडकी सोडली आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल लिहिले. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता. मागवताना वर्णन काय होते, बिलात काय आहे, प्रत्यक्षात काय आले, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे पूर्ण रक्कम ज्या कार्डावरून आली त्याच कार्डावर परत हवी. सोबत तीन फोटो. पोच दुसऱ्या दिवशी आली. आधी दीड हजार परत घेऊन साडी ठेवून घ्या असे सुचवले गेले, मग पूर्ण रक्कम वॉलेटमध्ये घ्या असे. दोन्हीला नाही म्हटल्यावर एकोणिसाव्या दिवशी पैसे कार्डाच्या खात्यात जमा झाले आणि कुरियरचा मुलगा साडी घेऊन गेला.

बहिणीचे पैसे परत येऊ शकले याचे एक साधे कारण म्हणजे ते अजून पूर्णपणे विक्रेत्याच्या खिशात गेलेले नसावेत. मोठ्या बाजारात गिऱ्हाइकाने दिलेले पैसे लगेच विक्रेत्याला मिळत नाहीत, काही दिवस मधेच थांबतात. पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये घालून दिलेल्या चौकटीत, ही रक्कम बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवण्याची अट आहे. परतावा मूळ मार्गानेच द्यायचा, ग्राहकाने स्वतः दुसरा मार्ग मान्य केला तरच वेगळा, हेही त्या चौकटीत होते. तेव्हा ‘वॉलेटमध्ये घ्या’ ही सूचना असते, आज्ञा नव्हे. वॉलेटमधला पैसा म्हणजे त्याच दुकानात पुन्हा जाण्याची सक्ती. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला या टॅक्सी सेवेला नेमके हेच बजावले, की परतावा बँक खात्यात हवा की कूपनच्या रूपात, हे ग्राहकाला ठरवू द्या.

कार्डाने पैसे दिले असतील तर आणखी एक दार असते, आणि ते बँकेत असूनही बँकेतले पुष्कळ लोक ते दाखवत नाहीत. त्याला चार्जबॅक म्हणतात. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, हे कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवण्याचे मान्य कारण आहे. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे या कार्डजाळ्यांचे त्यासाठी नियम आणि मुदती आहेत, आणि मुदतीचा प्रश्न असल्याने वेळ दवडू नये. आधी विक्रेत्याशी प्रयत्न केल्याचे कागद लागतात. शाखेत गेल्यावर पुष्कळदा ‘तीन दिवसांत कळवायला हवं होतं’ असे उत्तर मिळते. ते चूक आहे. तीन कामाच्या दिवसांची गोष्ट येते ती रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातून, आणि ते आहे तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले तर. इथे पैसे तुम्हीच दिलेले असतात. वाद असतो तो वस्तूचा. दोन्ही अर्ज वेगळे, टेबले वेगळी. आमच्याच खात्यातल्या मंडळींबद्दल हे लिहिताना बरे वाटत नाही, पण निवृत्तीनंतर काउंटरच्या अलीकडे उभे राहिले की शाखा जरा वेगळीच दिसते.

माल हातात पडल्यावर रोख देणे हे सगळ्यांत सुरक्षित, असे घरोघरी समजतात. वस्तू आलीच नाही तर पैसे वाचतात, इतपत ते खरे आहे. पण खोके बहुधा पैसे दिल्यावरच उघडता येते, आणि रोख दिलेल्या पैशाला परत यायला कार्डासारखा मार्गच नसतो. व्ही.पी.पी.चीच ही नात! काही कंपन्या महागड्या वस्तू दारात उघडून दाखवतात, तशी सोय असेल तर ती जरूर घ्यावी.

खरी अडचण तिथे आहे, जिथे मधे कोणीच नसते. इन्स्टाग्रामवर साड्या, फेसबुकवर फर्निचर, व्हॉट्‌सॲपवर आंब्याच्या पेट्या. विक्रेत्याचा फोन नंबर हाच त्याचा पत्ता. पैसे यूपीआयने थेट एका व्यक्तीच्या खात्यात जातात, बिल नसते, तक्रार निवारण अधिकारी तर सोडाच. कायदा त्यालाही लागू आहे, पण नोटीस बजावायची कोणाला? यात प्रामाणिक विकणाऱ्या बायका आणि तरुण मुले पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडून मीही लोणची-पापड घेतो. मात्र देवगड हापूस म्हणून भलताच आंबा आला तर ते पैसे परत येतील ते केवळ समोरच्याच्या भलेपणाने.

आणि परताव्याच्या वाटेवरच एक दुसरा चोर बसलेला असतो. वैतागलेला माणूस इंटरनेटवर कंपनीच्या ग्राहक सेवेचा नंबर शोधतो. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. पलीकडून अतिशय आदबीने विचारपूस होते, मग एखादे ॲप डाउनलोड करायला सांगतात, नाहीतर ‘परतावा मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाका’ म्हणतात. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना तो कधीच लागत नाही. आठशे रुपयांच्या इस्त्रीचा परतावा मागताना बचत खाते रिकामे झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या बऱ्याचशा अशाच असतात. कंपनीचा नंबर तिच्या ॲपमधूनच घ्यावा, आणि घात झालाच तर १९३० या क्रमांकावर त्याच मिनिटाला फोन करावा.

सरळ वाटेने दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्याने तिथे दोन मोठी कामे केली. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे कऱ्हाडच्या माणसाला कंपनीच्या मागे बंगळुरूला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांपर्यंत मुदत आहे, आणि २०२० पासून तक्रार घरून ऑनलाइनही दाखल करता येते. कागदावर हे फार चांगले आहे. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असेही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आयोगांमधल्या रिकाम्या खुर्च्यांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, यावरून काय ते समजावे.

आणि सातशे नव्व्याण्णव रुपयांच्या चपलांसाठी कोण आयोगात जाईल? तिथे आपले ‘जाऊ दे’ येते. एका घरापुरते ते शहाणपणाचेच असते. दुपारची झोप सातशे रुपयांहून मोलाची असते. पण विक्रेत्याच्या बाजूने हा हिशेब मांडून बघा. खोट्या वर्णनाने शंभर जणांना माल विकला, दहा जणांनी तक्रार केली, त्यांचे पैसे मुकाट्याने परत केले, तरी नव्वद ‘जाऊ दे’ त्याच्या गल्ल्यात. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण या धंद्याची रीत तीच आहे. परतावा ही त्याच्या दृष्टीने शिक्षा नव्हे, धंद्याचा खर्च आहे, ट्रकच्या डिझेलसारखा.

बहिणीची साडी परत गेल्यावर महिन्याभराने मी ते पान सहज उघडले. तोच फोटो, तोच मोर. वर्णनात ‘शुद्ध रेशीम’ हे शब्द परत आले होते. परत गेलेली ती साडी कदाचित एव्हाना दुसऱ्या एखाद्या घरी पोहोचलीही असेल.

बँकेत खोटी नोट आली तर काय करतात हे पुष्कळांना माहीत असेल. ती नोट ग्राहकाला परत देत नाहीत. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करतात, ग्राहकाला पावती देतात आणि पोलिसांना कळवतात. एका व्यवहारात पाच किंवा जास्त खोट्या नोटा निघाल्या तर थेट फिर्याद. कारण खोटी नोट हा आणणारा आणि रोखपाल यांच्यातला खाजगी वाद नाही, उद्या ती भाजीवाल्याच्या, परवा शाळेच्या फीच्या काउंटरवर जाणार असते. मला यात एक विचित्र विसंगती दिसते. पाचशेची खोटी नोट बाजारातून उचलली जाते, आणि अकरा हजारांची खोटी पैठणी, ती खोटी असल्याचे मान्य करून पैसे परत केल्यावरही, सन्मानाने तिच्याच गोदामात परत जाते. एका गिऱ्हाइकासाठी जे वर्णन खोटे ठरले, ते त्या पानावरून घेतलेल्या प्रत्येकासाठी खोटे असते. मग एकीला परतावा देताना बाकीच्यांना कळवायला नको?

हे अशक्य आहे असे नाही, एकदा तरी झालेले आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सक्तीची मानके न पाळणाऱ्या प्रेशर कुकरच्या बाबतीत आदेश काढले. ॲमेझॉनवरून असे २,२६५ कुकर विकले गेले होते, फ्लिपकार्टवरून ५९८. प्रत्येक ग्राहकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत द्या, आणि वर एक-एक लाखाचा दंड, असे ते आदेश होते. त्या हजारो घरांतल्या प्रत्येकाने तक्रार केलेली नव्हती. कोणाचा माल कोणाकडे गेला याची यादी बाजार-कंपनीकडे असतेच. सेल लागला की आपल्याला दिवसातून चारदा निरोप धाडणाऱ्यांना ‘तुम्ही घेतलेली साडी रेशमी नाही, हवे असल्यास पैसे परत घ्या’ हा पाचवा निरोप धाडणे जड जाऊ नये. कुकर फुटला तर माणूस भाजतो, साडीने काही भाजत नाही, म्हणून प्राधिकरण तिथे धावले आणि इथे धावत नाही, हे मला समजते. पण वर्णनावर विश्वास ठेवूनच सगळा व्यवहार चालायचा असेल, तर हा फरक फार ताणण्यात अर्थ नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्यासारखी नाही. लग्नात शालू मिरवून तिसऱ्या दिवशी ‘रंग वेगळा आहे’ म्हणून परत पाठवणारी गिऱ्हाइके आहेत. चांगला फोन काढून खोक्यात जुना घालणारेही आहेत. त्याचा फटका बसतो तो छोट्या विक्रेत्याला. येवल्यात हातमागावर बसणाऱ्या विणकराला एक चांगली पैठणी पुरी करायला कित्येक आठवडे लागतात. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, रेशमासाठी सिल्क मार्क आहे, हातमागासाठी हँडलूम मार्क आहे. ऑनलाइन विकताना हाच विणकर परत येणाऱ्या मालाने धास्तावलेला असतो आणि शेजारच्या चौकटीत त्याच्याच नावाने यंत्रमागाची साडी निम्म्या भावात विकली जात असते. खोट्या वर्णनाने गिऱ्हाइकाचे पैसे जातात, पण त्याचे तर नावच जाते, आणि त्याला परतावा मागायला कुठलीच खिडकी नाही.

आयते हत्यार मात्र नियमांत पडून आहे. २०२० च्या त्याच नियमांत बाजार-कंपन्यांना सांगितले आहे, की कॉपीराइट, ट्रेडमार्क किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली ज्यांचा माल पूर्वी काढून टाकावा लागला आणि जे तो पुन्हा पुन्हा विकायला मांडतात, अशा विक्रेत्यांची नोंद ठेवण्याचा वाजवी प्रयत्न करा. सिनेमाची चोरटी प्रत किंवा बड्या कंपनीचे खोटे बोधचिन्ह लावलेला बूट या नोंदीत येतो. पैठणीला ज्या कायद्याने मानांकन दिले, त्या १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याचे नाव त्या ओळीत नाही. वर्णन खोटे होते म्हणून ज्याला वारंवार पैसे परत करावे लागले, त्या विक्रेत्याचाही उल्लेख नाही. ही दोन नावे तिथे घालण्यासाठी संसदेचे अधिवेशन लागत नाही. तो सरकारने केलेला नियम आहे, तो सरकारला अधिसूचनेने बदलता येतो, आणि अशी नोंद सुरू झाली तर पहिल्याच महिन्यात ती किती पानांची होते, हे मला एकदा बघायचे आहे.